कॅमेरा म्हणतो ३, डोळे म्हणतात ४ : कापडाच्या मापाची पडताळणी कशी करायची?

पॉलिस्टर-कॉटनचा शर्ट काही महिने वापरला की कॉलरच्या कडेला, काखेपाशी, बॅगेचा पट्टा घासतो तिथे बारीक बारीक गोळे दिसायला लागतात. घरी आपण "कापडाला गोळे आले" म्हणतो. कापडाच्या धंद्यात आणि प्रयोगशाळेत याला पिलिंग म्हणतात. हे माप दिसायला किरकोळ आहे, पण त्यावर पैसे अडकलेले असतात. खरेदीदाराने किमान दर्जा ३-४ मागितला आणि चाचणीच्या अहवालात ३ आला, तर इचलकरंजीत विणलेले तागे तसेच पडून राहू शकतात. आणि हा ३ किंवा ३-४ ठरवतो कोण? बहुतेक ठिकाणी अजूनही एक-दोन माणसं, दिव्याखाली कापड धरून, डोळ्यांनी.

म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी विद्यार्थी ठरवतो की आपण हे काम कॅमेऱ्याकडून करून घेऊ. स्कॅनर घ्यायचा, फोटो काढायचे, प्रोग्राम लिहायचा, गोळे मोजायचे आणि एक स्वच्छ आकडा द्यायचा. कल्पना चांगलीच आहे. पण सादरीकरणात पहिला प्रश्न येतो तो असा: "तुमचा आकडा बरोबर आहे हे कशावरून?" आणि उत्तर येतं, "सर, माणसांनी दिलेल्या दर्जाशी सहसंबंध ०.९२ आहे." या उत्तरात किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत ते आज उलगडून बघू. उदाहरण पिलिंगचं घेतलंय, पण शिवणीच्या चुण्या, धुतल्यावर पडणाऱ्या सुरकुत्या, रंग उडणं, कशावरही काम करत असाल तरी प्रश्न हेच आहेत.

आधी ठरवा, खरं उत्तर कुठे आहे

कापडाच्या फोटोवरून आपण जे मोजतो त्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि ते एकाच पिशवीत टाकले की पुढचा सगळा प्रबंध डळमळतो.

पहिला प्रकार: ज्याचं उत्तर कापडातच आहे. एका इंचात किती उभे आणि किती आडवे धागे? तुमचा प्रोग्राम ७२ म्हणतो. बरोबर का चूक हे ठरवायला माणसांचं मत लागत नाही. पिक ग्लास लावा आणि मोजा, किंवा सरळ एक इंचाचा तुकडा उसवून धागे टेबलावर मांडा. दहा माणसांनी "मला ७० वाटतात" म्हटलं तरी धागे ७२च. इथे माणसाच्या नजरेने पडताळणी करणं म्हणजे मीटरपट्टी हाताशी असताना टीचभर अंतर विचारण्यासारखं आहे.

दुसरा प्रकार: ज्याचं उत्तर बघणाऱ्यात आहे. "हे कापड खराब दिसतंय का?" पिलिंगचा दर्जा, सुरकुत्यांचा दर्जा, रंगातला फरक "चालेल की नाही" हे सगळं या प्रकारात येतं. ग्राहक शर्ट परत आणतो तो गोळ्यांचं एकूण क्षेत्रफळ मोजून नाही. त्याला ते डोळ्यांना खुपतं म्हणून आणतो. इथे माणसाचा निर्णय हीच मापाची व्याख्या आहे.

घोळ होतो तो या दोन्हींच्या मध्ये. "मी गोळ्यांची संख्या मोजतो" आणि "मी पिलिंगचा दर्जा मोजतो" ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याची पडताळणी भिंगाखाली गोळे मोजून होते, दुसऱ्याची माणसांकडून. तुमच्या प्रोग्रामने गोळे अगदी अचूक मोजले आणि तरीही दर्जा चुकला, असं अगदी शक्य आहे. पांढऱ्या कापडावरचे पांढरे गोळे आणि गडद निळ्या कापडावरचे फिकट गोळे, संख्या तीच, पण दुसरं कापड कितीतरी जास्त खराब दिसतं. मिश्र कापडात हे हमखास होतं, कारण पॉलिस्टर आणि कॉटन एकच रंग सारखा घेत नाहीत आणि गोळ्यात ज्या तंतूचं प्रमाण जास्त त्याचा रंग उठून दिसतो. माझा सल्ला असा की प्रबंधात दोन्ही पायऱ्या वेगळ्या ठेवा. आधी मोजणी बरोबर आहे हे दाखवा, मग मोजणीवरून दर्जा कसा काढला ते दाखवा. चूक कुठल्या पायरीवर आहे हे मग तुम्हालाच कळतं.

माणसाची नजर मोजमापात येतेच

काही विद्यार्थ्यांना माणसाचा निर्णय वापरायला संकोच वाटतो. "ते व्यक्तिनिष्ठ आहे ना?" हो, आहे. पण ज्याला आपण पूर्ण वस्तुनिष्ठ समजतो त्या रंगमापनाचा पायाच माणसांवर उभा आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरचे आकडे "प्रमाण निरीक्षका"वरून काढले जातात. असा पहिला निरीक्षक १९३१ साली ठरला, आणि तो ठरला राइट आणि गिल्ड या दोघांच्या प्रयोगांवरून. राइटचे निरीक्षक १०, गिल्डचे ७. म्हणजे रंगमापनाच्या या पहिल्या प्रमाण निरीक्षकाच्या मुळाशी १७ माणसांचे डोळे आहेत.

पुढची गोष्ट तर कापडाचीच आहे. १९७६ साली सीआयई-लॅब ही रंग मोजण्याची पद्धत आली. दोन रंगांमधलं अंतर एका आकड्यात, डेल्टा-ई मध्ये, मिळायला लागलं. पण रंगाऱ्यांच्या लक्षात आलं की डेल्टा-ई १ असला तर राखाडी छटेत फरक चटकन दिसतो, आणि भडक पिवळ्यात तितकाच आकडा असूनही फरक जाणवत नाही. यंत्र चुकत नव्हतं. आकड्याचं अंतर आणि डोळ्यांचं अंतर जुळत नव्हतं. मग जे. अँड पी. कोट्स या दोरा बनवणाऱ्या कंपनीत मॅकडॉनल्ड यांनी रंगाच्या जोड्यांवर माणसांनी दिलेले "चालेल" आणि "चालणार नाही" हे निर्णय गोळा करून नवं सूत्र बसवलं. त्याच्यावरून १९८४ साली सीएमसी सूत्र आलं आणि पुढे ते कापडासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही गेलं. त्यात उजळपणातल्या फरकाला जास्त सूट दिलेली आहे, कारण कापड थोडं उजळ किंवा गडद निघालं तर डोळे खपवून घेतात. लाल किंचित केशरीकडे झुकला तर खपवून घेत नाहीत. ही सूट कुठल्याही भौतिक नियमातून आलेली नाही, ती माणसांना विचारून आली.

एक मात्र आहे. माणसाच्या नजरेवर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो. १८२४ साली पॅरिसच्या गोबलँ या प्रसिद्ध गालिचे-पडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगविभागाचा प्रमुख म्हणून शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ आला. निळ्या-जांभळ्या भागात वापरलेला काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. त्याने रंग तपासले. रंगात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा फिका *दिसत* होता. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथच लिहिला. आपल्यासाठी अर्थ सरळ आहे: डोळ्यांचा निर्णय शेजारी काय ठेवलंय यावर ठरतो. म्हणून तो घेताना परिस्थिती बांधून घ्यावी लागते.

दर्जा म्हणजे काय, आणि तो कसा गोळा करायचा

पिलिंगची चाचणी साधारण अशी होते. मार्टिंडेल यंत्रावर कापडाचा गोल तुकडा ठरावीक दाबाखाली घासतात. १२५, ५००, १०००, २०००, ५०००, ७००० अशा फेऱ्यांनंतर थांबून तुकडा काढतात आणि न घासलेल्या कापडाशेजारी ठेवून बघतात. ५ म्हणजे काही फरक नाही. ४ म्हणजे थोडी लव उठली आहे किंवा गोळे नुकते धरायला लागलेत. ३ म्हणजे मध्यम, २ म्हणजे ठळक, आणि १ म्हणजे सगळा पृष्ठभाग गोळ्यांनी भरलेला. मधले अर्धे दर्जेही देता येतात, म्हणून एकूण नऊ पायऱ्या.

बघायची जागाही ठरलेली आहे. अंधाऱ्या खोलीत एक पेटी, प्रकाश कापडाला जवळजवळ समांतर, ५ ते १५ अंशांच्या कोनातून, आणि डोळा ३० ते ५० सेंटीमीटरवर. प्रकाश तिरका का? कारण तिरक्या उजेडात प्रत्येक गोळ्याची सावली पडते. डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली तेच कापड गुळगुळीत वाटू शकतं. आता तुमचा स्कॅनर आठवा. त्यातला दिवा काचेखालून, अगदी जवळून प्रकाश टाकतो, वर झाकणाने गोळे दाबले जातात ते वेगळंच. माणूस सावली बघतोय आणि यंत्र चपटे झालेले गोळे बघतंय. मग दोघांचे आकडे जुळले नाहीत तर दोष प्रोग्रामला द्यायचा का? कॅमेरा आणि तिरका दिवा वापरणं इथे जास्त शहाणपणाचं. आणि फोनचा कॅमेरा असेल तर त्याचं स्वतःहून उजेड, रंग आणि धारदारपणा सुधारणं बंद करून घ्या, नाहीतर प्रत्येक फोटो वेगळ्या यंत्राने काढल्यासारखा होतो.

जाता जाता बारकाव्याचा हिशोब. ३०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे ०.०८५ मिलीमीटर. एक मिलीमीटरचा गोळा साधारण १२ पिक्सेल रुंद येतो, ते ठीक. पण कापडात इंचाला १२० धागे असतील आणि तुम्ही १५० डीपीआयला स्कॅन केलंत, तर एका धाग्याच्या वाट्याला सव्वा पिक्सेल येतो. नियम असा की एका आवर्तनाला किमान दोन पिक्सेल हवेत. ते नसले की फोटोत मोठे मोठे खोटे पट्टे उमटतात, जे कापडात कुठेच नाहीत. प्रोग्राम त्यांनाच दोष म्हणून मोजतो आणि माणसाला, ज्याच्या हातात खरं कापड आहे, ते दिसतच नाहीत.

यातून महत्त्वाचा प्रश्न निघतो: माणसांना कापड दाखवायचं की कापडाचा फोटो? फोटो सोयीचा आहे. गूगल फॉर्मवर टाकला की दोनशे जण दर्जा देतात. पण मग प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा, उजेड वेगळा, झूम वेगळा. शिवाय फोटोत जे हरवलंय ते माणूस आणि प्रोग्राम दोघांनाही दिसत नाही, त्यामुळे दोघं छान जुळतात आणि खऱ्या कापडाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. तुमचा दावा "फोटोवरून कापडाचा दर्जा कळतो" असा असेल, तर माणसांच्या हातात कापड द्या. पन्नास फोटोंपेक्षा पंधरा खरे तुकडे मला जास्त पटतात.

निरीक्षक कोण, हेही आधीच लिहून ठेवा. तागे तपासणारा अनुभवी माणूस आणि दुकानात शर्ट घेणारा ग्राहक, दोघांची नजर वेगळी. दोन्ही वापरता येतात, पण उत्तरं मिसळायची नाहीत. रंगाचा संबंध असेल तर निरीक्षकांची रंगदृष्टी तपासा. इशिहारा तक्ते सुरुवातीला पुरतात, बारीक छटांसाठी फार्न्सवर्थ-मन्सेल १०० ह्यू चाचणी आहे (नावात १०० असले तरी त्यात चकत्या ८५च). माणसांवर प्रयोग आहे म्हणून संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आणि निरीक्षकांची लेखी संमती लागेल का, हे सुरुवातीलाच मार्गदर्शकांना विचारा. जर्नल नंतर मागतं आणि मागच्या तारखेने ती मिळत नाही.

आणि तीन सवयी. प्रत्येकाला तुकडे वेगवेगळ्या, सोडतीने काढलेल्या क्रमाने द्या, कारण खूप खराब तुकड्यानंतर मध्यम तुकडा चांगला वाटतो. काही तुकडे न सांगता पुन्हा मध्ये घाला, म्हणजे तोच माणूस त्याच कापडाला दोनदा तोच दर्जा देतो का ते कळेल. आणि प्रोग्रामचा आकडा निरीक्षकाला कुठल्याही परिस्थितीत आधी दिसू देऊ नका. दिसला की तो त्याच्याकडे सरकतो, मनात नसतानाही.

माणसं एकमेकांशी जुळतात का?

प्रोग्रामला माणसाशी ताडून बघण्याआधी माणसाला माणसाशी ताडा. ही पायरी बरेच जण गाळतात.

समजा दोन निरीक्षकांनी १०० तुकडे बघून "पास" किंवा "नापास" सांगितलं. दोघांनी पास म्हटलेले ८०, दोघांनी नापास म्हटलेले ४, आणि उरलेल्या १६ तुकड्यांवर मतभेद, आठ एका बाजूचे, आठ दुसऱ्या. ८४ टक्के एकमत! प्रबंधात हा आकडा छान दिसतो. पण थांबा. दोघंही १०० पैकी ८८ तुकड्यांना पास म्हणतायत. दोघांनी डोळे मिटून, नुसत्या त्या प्रमाणात उत्तरं दिली असती तरी योगायोगाने किती जुळलं असतं? ०.८८ चा वर्ग अधिक ०.१२ चा वर्ग, म्हणजे जवळजवळ ०.७९. योगायोगानेच ७९ टक्के जुळणार होतं, मग ८४ मध्ये खरी कमाई किती? हेच कोहेनचा कप्पा (१९६०) सांगतो: (०.८४ − ०.७९) भागिले (१ − ०.७९), म्हणजे सुमारे ०.२४. एवढ्या एकमतावर प्रोग्राम तोलायचा म्हणजे अवघड आहे. गंमत म्हणजे नापास ठरलेल्या तुकड्यांकडे बघा: दोघांपैकी निदान एकाने नापास म्हटलेले २०, आणि दोघांना मान्य फक्त ४. ज्या तुकड्यांवरून भांडण होणार, नेमकं तिथेच एकमत नाही.

पाच किंवा नऊ पायऱ्यांचे दर्जे असतील तर साधा कप्पा ४ आणि ३-४ मधला फरक आणि ५ आणि १ मधला फरक सारखाच धरतो, जे उघडच अन्यायाचं आहे. तिथे भारित कप्पा वापरा. निरीक्षक जास्त असतील तर आयसीसी. आयसीसीचे बरेच प्रकार आहेत आणि सॉफ्टवेअर जो पहिला देतं तो तुमचाच असेल असं नाही. तुमचे निरीक्षक ठरावीक आहेत की अनेकांतून निवडलेले, आणि तुम्ही एकाचा दर्जा वापरणार की सरासरी, हे ठरवल्याशिवाय प्रकार ठरत नाही.

एकमत कमी निघालं तर? निरीक्षक वाढवा. इथे स्पिअरमन-ब्राउन यांचं १९१० पासूनचं सूत्र उपयोगी पडतं. एका निरीक्षकाच्या दर्जाची विश्वासार्हता ०.६ असेल, तर तिघांच्या सरासरीची ०.८२, पाच जणांच्या सरासरीची ०.८८ आणि दहा जणांच्या सरासरीची ०.९४. तीनावरून पाचावर जाणं परवडतं; पाचावरून दहावर जायला माणसं दुप्पट लागतात आणि मिळतं थोडंच.

याच सूत्रातून एक धोक्याची घंटाही मिळते. माणसांचा दर्जाच डळमळीत असेल तर उत्तम यंत्रही त्याच्याशी पूर्ण जुळू शकत नाही. जास्तीत जास्त सहसंबंध हा त्या विश्वासार्हतेच्या वर्गमुळाइतका अपेक्षित असतो. एकच निरीक्षक आणि विश्वासार्हता ०.६, तर छत ०.७७. पाच जण, तर ०.९४. आता कुणी एका निरीक्षकाच्या दर्जावर ०.९७ सहसंबंध दाखवला, तर आनंद व्हायच्या आधी शंका यायला हवी. बहुधा प्रोग्राम त्याच तुकड्यांवर घासूनपुसून बसवलेला आहे आणि त्याने त्या एका माणसाच्या चुकाही पाठ केल्या आहेत.

मग यंत्र आणि माणूस

आता त्या "सहसंबंध ०.९२" कडे येऊ. सहसंबंध एवढंच सांगतो की एक वाढला की दुसराही वाढतो. दोघं *सारखं* बोलतायत असं तो सांगत नाही. माणसांचे दर्जे घ्या: ४.५, ४, ३.५, ३, २. यंत्राचे: ४, ३.५, ३, २.५, १.५. सहसंबंध अगदी पूर्ण, १. पण यंत्र प्रत्येक वेळी अर्धा दर्जा कमी देतंय. पासची रेषा ३.५ वर असेल तर माणसांच्या हिशोबाने तीन तुकडे पास, यंत्राच्या हिशोबाने दोन. तिसरा तागा विणणाऱ्याला "तुमच्या मापाचा सहसंबंध १ आहे" हे सांगून काही उपयोग नाही.

म्हणून १९८६ साली ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 'लॅन्सेट'मध्ये वैद्यकीय मापांसाठी जी पद्धत मांडली ती इथेही वापरा: प्रत्येक तुकड्यासाठी दोन्ही मापांमधला फरक काढा आणि तो दोघांच्या सरासरीसमोर मांडा. फरक कायम एका बाजूला आहे का, चांगल्या कापडावर कमी आणि खराबवर जास्त आहे का, हे नजरेला दिसतं. दर्जे अर्ध्या पायऱ्यांचे असल्यामुळे ठिपके एकावर एक बसतात; थोडे विखरून काढा, बिघडत नाही.

सहसंबंधाला फुगवायचा सोपा मार्गही ओळखून ठेवा. संच बनवताना निम्मे नवेकोरे तुकडे (दर्जा ५) आणि निम्मे घासून वाट लावलेले (दर्जा १) घेतले, की कुठलाही प्रोग्राम ०.९५ देतो. लहान मूलही देईल. वाद असतो तो ३ आणि ४ च्या मधल्या कापडाचा. तेवढेच तुकडे वेगळे काढून तिथे सहसंबंध आणि फरक किती येतो ते लिहा. आकडा पडेल, पडू दे. वाचणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

दर्जा ही क्रमवारी आहे, अंतर नाही, हेही विसरू नका. ५ ते ४ आणि २ ते १ ही अंतरं सारखी आहेत असं कुणी सांगितलेलं नाही. रंग उडण्यासाठीच्या ग्रे स्केलमध्ये तर ती सारखी नाहीतच. दर्जा ४ ला डेल्टा-ई १.७, ३ ला ३.४, २ ला ६.८ आणि १ ला १३.६. प्रत्येक पायरीला फरक दुप्पट! डोळ्यांना समान वाटणाऱ्या पायऱ्या भौतिक मापात गुणाकाराने वाढतायत. तुमच्या गोळ्यांच्या क्षेत्रफळाचं आणि दर्जाचं नातंही सरळ रेषेचं असेल हे गृहीत धरू नका. आधी स्पिअरमनचा क्रमवारीचा सहसंबंध बघा, मग क्षेत्रफळाचा लॉगरिदम घेऊन आलेख काढा. बऱ्याचदा वाकडी रेष तिथे सरळ होते.

पिलिंगमध्ये आणखी एक वळण आहे. लोकर किंवा सुती कापडात तंतू कमजोर असतो, त्यामुळे जास्त घासल्यावर गोळे तुटून पडतात आणि संख्या वाढून पुन्हा कमी होते. पॉलिस्टरचा तंतू मजबूत. तो गोळ्याला धरून ठेवतो. म्हणजे ७००० फेऱ्यांनंतरचं सुती कापड २००० नंतरच्यापेक्षा "चांगलं" मोजलं जाऊ शकतं. माणूस मात्र तिथे विरलेला, लव उठलेला पृष्ठभागही बघतो. नुसते गोळे मोजणारा प्रोग्राम इथे माणसापासून फारकत घेतो. तसंच छापील ठिपक्यांच्या कापडाचं. माणूस ठिपका आणि गोळा यात गोंधळत नाही, उंबरठा लावून काळं-पांढरं करणारा प्रोग्राम गोंधळतो. विणीचे आवर्तन फूरिये रूपांतराने काढून टाकता येते, पण छपाई आवर्ती असेलच असं नाही. संचात असं कापड घातलंच नाही तर हा दोष कधी कळणारही नाही.

मशीन लर्निंगवाल्यांसाठी एक खास सूचना. ४० तुकड्यांचे प्रत्येकी ४ फोटो काढले तर तुमच्याकडे १६० फोटो आहेत, १६० नमुने नाहीत. नमुने ४०च. एका तुकड्याचे दोन फोटो शिकवण्याच्या संचात आणि दोन चाचणीच्या संचात गेले, तर जाळं पिलिंग शिकत नाही, ते कापड ओळखायला शिकतं. विभागणी फोटोंवर नको, तुकड्यांवर करा. त्याहून चांगलं म्हणजे कापडाच्या प्रकारावर: शिकवताना न दाखवलेलं कापड चाचणीत द्या.

शेवटी सगळ्यात कामाची तुलना. "यंत्र माणसाशी किती जुळतं" याला एकटं असताना काही अर्थ नाही. विचारायचं असं: यंत्र या पाच जणांत सहावा म्हणून बसू शकतं का? एका निरीक्षकाला बाजूला काढा आणि त्याचा उरलेल्या चौघांच्या सरासरीशी फरक मोजा. त्याच चौघांच्या सरासरीशी यंत्राचा फरक मोजा. असं पाचही जणांसाठी करा. यंत्राचा फरक माणसांच्या आपापसातल्या फरकाइतका किंवा कमी असेल, तर तुम्ही म्हणू शकता की हे यंत्र एका निरीक्षकाची जागा घेऊ शकतं. सहसंबंध ०.८ असला तरी. आणि नसेल, तर ०.९२ असूनही म्हणू शकत नाही.

या तुलनेत सर्वात मोठा फरक पडलेले पाच-सहा तुकडे असतील, ते आकड्यातून वगळू नका. टेबलावर मांडा, शेजारी त्यांचे फोटो ठेवा आणि निरीक्षकांनाच विचारा की तुम्ही हा दर्जा का दिला. कुणी म्हणेल, "गोळे कमी आहेत, पण सगळे एकाच जागी आहेत." कुणी म्हणेल, "याचा रंगच मेलाय." एकाच जागी गोळा झालेले गोळे तुमच्या प्रोग्राममध्ये कुठल्या आकड्यात येतात? येत नसतील तर पुढच्या प्रकरणाचा विषय तुम्हाला तिथे मिळाला.